जबरदस्तीची गट्टी

काल नातवाला आणायला शाळेत गेले होते. तिसरीच्या वर्गाबाहेर बाई दोन मुलींना समोरासमोर उभं करून सांगत होत्या, "चला, हात मिळवा, गट्टी करा. भांडायचं नसतं."

एकीने हसत हात पुढे केला. याच मुलीने आठवडाभर दुसरीचा डबा मातीत पालथा केला होता, हे मला वर्गाच्या दारातून नातवाने हळूच सांगितलं. दुसरी हात पाठीशी धरून उभी होती. शेवटी बाईंनीच तिचं मनगट धरून हात पुढे ओढला आणि म्हणाल्या, "शाब्बास."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, भांडण दोघींचं असतं. इथे एक छळत होती आणि दुसरी उपाशी राहत होती. बाईंच्या मागेच भिंतीवर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचा तक्ता लावलेला, वर मोठ्या अक्षरात 'आज मला कसं वाटतंय?' तो प्रश्न त्या पोरीला कुणी विचारला नाही. तिला एवढंच कळलं, की आपल्या नको म्हणण्याला इथे किंमत नाही. आणि छळणारीला कळलं, की हात मिळवला की सगळं माफ.

शाळा सुटल्यावर ती पोरगी अंगणातल्या नळाखाली तोच हात चोळचोळून धूत होती. मी बघत उभी राहिले. बाईंना चार शब्द सुनवायला निघाले होते, पण पाय उचलेना. तीस वर्षं मीही तिसरीचाच वर्ग घेतला. भांडण दिसलं की मनगट धरायचं, गट्टी करून द्यायची आणि पुढचा धडा उघडायचा.

नळाकडे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.