म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा हलका नांगर

शारजाच्या गोदामात आज जुना कॉम्प्युटर चालू केला आणि तापलेल्या धुळीच्या वासानं मी थेट पोलादपूरच्या घरी पोचलो.

ताईची महाडला नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा होती आणि आमच्या कॉम्प्युटरवरचं भारी ऑफिस सॉफ्टवेअर शब्दाशब्दाला अडत होतं. मी आठवीत शाळा सोडलेला. ते सॉफ्टवेअर काढताना काही बिघडलं तर ताईचा सरावच बुडणार, म्हणून नुसता माऊस धरून बसलो होतो. गोठ्यातून आलेले बाबा म्हणाले, “म्हातारा बैल हाय रे तो. हलक्या नांगराला जुंप.”

मग मी फुकटातलं, हलकं सॉफ्टवेअर टाकलं. ताईनं बोट टेकवलं की अक्षर हजर.

“उठला गो बैल,” बाबा तिला म्हणाले.

ताई पास झाली. मीही झालो होतो, हे आता कळतं. गोदामातला कॉम्प्युटरही तसाच उठवला, तेव्हा साहेबांनी विचारलं, “कुणाकडं शिकलास?”

“बाबांकडं,” मी म्हणालो.