भावाच्या रक्तावरचं औषध

माझ्या अंगात भाऊचं रक्त आहे, हे आमच्या एरंडोलजवळच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला रक्ताचा कॅन्सर झाला. थोरल्या भावाचा हाडातला मगज जुळला आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तो त्याच्या कमरेतून काढून मला दिला. गावाच्या लेखी प्रश्न मिटला.

मिटला कुठला! भाऊच्या मगजातून बनणाऱ्या रक्तपेशी मला परकं समजून माझ्याच कातडीवर, आतड्यांवर उठू शकत होत्या. म्हणून त्यांना दाबायचं औषध दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी घ्यायचं. तेलकट, घाण वासाचं, दुधात ढवळून. उन्हात जायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरवाशिणी झोक्यावर, आणि मी ओसरीत लांब बाह्यांचं पोलकं घालून. नुसती धुमसत होते.

त्यात आत्या. "सख्खा भाऊनं रगत शे. त्याले कसाले दाबस? वैरीनं शे का?"

भाऊचा चेहरा पडला. चारचौघांत अभिमानाने कमरेवरचे वण दाखवणारा माणूस तो. मला ते बघवेना. त्याचं मन राखायला मी औषध बंद केलं, कुणाला न सांगता. इतकी अक्कल गहाण टाकली होती मी!

आठवडाभरात तळहात लालभडक झाले, नुसती आग. आत्या म्हणाली, ऊन बाधलं. अहो, मी उन्हात गेलेच कुठं होते? जळगावला गेले. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला आणि दोन्हीकडून मी मनसोक्त बोलणी खाल्ली. औषध पुन्हा सुरू झालं, वर आणखी गोळ्या. थोडक्यात वाचले.

घरी परतले तर आत्याचं पुन्हा तेच. या वेळी भाऊसमोर, शेजारणींसमोर मी तळवे पुढे धरले. सालपटं निघत होती.

"हाई भाऊना रगतनंच काम शे," मी म्हटलं. "मी त्याले दाबसू. रोज दाबसू. रगत त्यानं, पन आंग मनं शे." अंग माझं, निर्णयही माझा.

भाऊ उठला. मला वाटलं, आता हा तडक निघून जाणार. तो आत्याकडे वळला.

"मी तिले जगाले दिन्हं," म्हणाला, "मनं नाव कराले नही."