छावणीतली वायरलेसवाली

आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी कापलं जायचं. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हाच भूतबाधा, देवऋषी, अंगात येणं — सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. मी स्वतः कसबा बावड्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. त्यामुळे हे मी लिहितोय याचं मलाच नवल वाटतंय... पण डोक्यातून जात नाही, काय करणार?

साल असेल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. कोल्हापुरातच तयार झालेल्या 'ताऱ्यांची छावणी' या पिक्चरचं तेव्हा वेड होतं. अंतराळातली माणसं, पत्र्याची यानं, आणि बोलणं मात्र अस्सल आपलं. दोन भाग येऊन गेले होते. पोरं पुठ्ठ्याची हेल्मेटं घालून गल्लीत लढाया करायची. तिसरा भाग रखडला, म्हणून निर्मात्यांनी — सगळे त्यांना अण्णा म्हणायचे — मधल्या काळात एक चित्रकथा काढायची ठरवली. दुसरा भाग पुन्हा थेटरात लावायचा आणि दारातच पुस्तक विकायचं. मी मासिकांत थोडंफार विज्ञान लिहायचो, म्हणून गोष्ट माझ्याकडे आली. चित्रं दस्तगीरभाईंकडे. सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवणारा माणूस. शनिवार पेठेत त्यांची शेड होती.

गोष्टीत मी एक नवं पात्र घातलं. छावणीच्या वायरलेसवर बसणारी बाई. सगळे जीव घेऊन पळतात, ही मात्र मागं राहून एकेका यानाला वाट सांगते. ती माझी अक्का होती. माझी थोरली बहीण, काविळीनं गेली तेव्हा नुकती कुठं कामाला लागली होती. पण हे मी कुणालाच बोललो नाही. कागदावर फक्त 'वायरलेसवाली बाई' एवढंच लिहिलं.

आठवड्यानं शेडमध्ये गेलो आणि चित्र उचलून दाराच्या उजेडात नेलं. कपाळ, हनुवटी, मान कलती ठेवायची सवय... अक्काच!

"दस्तगीरभाई, हा चेहरा कुठनं आणला?"

"कुठनं म्हंजे? पिक्चरमधनं की! दुसऱ्या भागात वायरलेसवर बसलीया न्हाय का ती?"

"अहो, ही बाई मी आत्ता तयार केलीय. पिक्चरमध्ये ती खोली रिकामी आहे."

दस्तगीरभाईंनी ब्रश खाली ठेवला. "मास्तर, पोस्टरसाठी किती खेळ बघितल्यात मी. मला शिकवू नगासा."

आम्ही दोघं तसेच अण्णांकडे गेलो. अण्णांनी चित्र पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही कोण? असली बाई आमच्या पिक्चरमध्ये न्हाय. लोक गोंधळतील. काढून टाका." दस्तगीरभाई वाद घालत राहिले, पण शेवटी बाई गेली. तिच्याशिवायच पुस्तक छापलं.

इथं खरं तर विषय संपायला हवा होता. पण पहिल्याच रविवारी मी थेटराच्या दारात पुस्तकं विकायला उभा होतो, तर खेळ सुटल्यावर एक पैलवान गडी पुस्तक चाळून म्हणाला, "पावणं, ह्यात ती वायरलेसवाली बाई कुठं हाय?" मागनं एका शाळकरी मुलीनंही तेच विचारलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता... आणि मूळ चित्र तर अण्णांच्या कपाटात होतं!

त्यानंतर मला चैन पडेना. शाळा सुटली की सायकल काढायची आणि थेटर गाठायचं. पुढच्या रांगेत बसून पाहिलं, बाल्कनीतून पाहिलं. दरवेळी तीच रिकामी खोली, तीच खुर्ची, लुकलुकणारा लाल दिवा. शेजारचे लोक मात्र त्या प्रसंगाला डोळे पुसायचे. रिकाम्या खुर्चीकडे बघून कोण रडतं? वर्गात फळ्यावर लिहिताना माझा हात मध्येच थांबायचा.

शेवटी मी आईला घेऊन गेलो. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अक्का गेल्यापासून ती कधी सिनेमाला आली नव्हती. 'पाय दुखत्यात' म्हणत होती, तरी ओढून नेली. तो प्रसंग आला. मी पडद्याकडे न बघता आईकडे बघत राहिलो. ती आधी पुढं झुकली. मग तिनं पदर सारखा केला, घरी कुणी आल्यावर करायची तसा, आणि एकदम शांत बसली. खेळ संपेपर्यंत हललीसुद्धा नाही.

बाहेर उन्हात आलो. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "थोराड दिसाय लागलीया. चष्मा लागलाय तिला."

"कुणाला, आई?"

"असं काय करतोस? अक्काला." माझ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला. "तुला न्हाय दिसली व्हय रं?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी हाक न्हाय मारली. कामात हुती ती."

आई पुढं बरीच वर्षं जगली. त्या दिवसानंतर अक्काचा विषय निघाला की ती 'हुती' म्हणायची नाही, 'हाय' म्हणायची. रडायची तर नाहीच.

तिसरा भाग कधी आलाच नाही. अण्णा गेले, पिक्चरच्या रिळांचं काय झालं कुणाला माहीत नाही. योगायोग, मनाचे खेळ, सगळं लावून पाहिलं; पैलवानापाशी आणि त्या मुलीपाशी येऊन गाडी अडते. आणि त्याहून जास्त छळतं ते वेगळंच... एवढ्या परक्या लोकांना ती दिसली. मी तिचा सख्खा भाऊ. मलाच का नाही?