घर लागल्याचा फोन

"ओटीपी मिळणार न्हाई. पोलिसाला बोलवू का?" सुनीताताईंनी दारातूनच सुनावलं. मी वाटूरला त्यांच्या सासऱ्यांच्या अंगणात उभा होतो. घराला होकार द्यायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

मी पुण्यात एका बिल्डरकडे पझेशनचं, म्हणजे तयार फ्लॅट ताब्यात द्यायचं काम बघतो. दहावीआधीच शाळा सोडलेल्याला साहेबांनी ऑफिसात टेबलाशी बसवलं, हे उपकारच. म्हणून काही चुकेल याची धास्ती कायम असते.

मोठ्या शहरात मोठ्या प्लॉटवर बांधायचं तर बिल्डरला काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात. ती सरकारी सोडतीनं जातात. ताईंचं नाव निघालं होतं. त्या पुण्यात एका होस्टेलवर स्वयंपाक करतात. सासरे आजारी म्हणून गावी आल्या होत्या. विजेत्यानं मुदतीत स्वतः ऑनलाइन होकार दिला नाही, तर घर पुढच्या नावाला जातं.

मी फोन केले, त्यांनी कापले. शेवटी नंबर ब्लॉक.

साहेब म्हणाले, "सोड. पुढचं नाव आहेच की."

"सर, आमच्या जिल्ह्यातल्या आहेत. जाऊन येऊ का?"

"जा. रजा टाकून."

वाटूरला कळलं, 'लॉटरी लागली' अशाच फोनवर शेजारणीचं खातं साफ झालं होतं. मी आयकार्ड दाखवलं, पत्र दाखवलं.

"असली कुठंबी छापून मिळतात," ताई म्हणाल्या.

खाटेवरून सासऱ्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुझं?"

"हसनाबाद."

"कोणाचा?"

वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी तिथल्या मेहुणीला फोन लावला, स्पीकरवर.

"धाकटा आसंल. दहावीला बसलाच न्हाई त्यो, पुण्याला पळून गेल्ता. विचारा त्याला, आईला फोन का करत न्हाई?"

"करतो की मावशी," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यला. त्योच हाय!"

सासरे म्हणाले, "सुनीता, माणूस बराबर हाय. पण ओटीपीचा नंबर दाखवू नको."

मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. ताईंनी स्वतःच साइट उघडली. रेंज जात-येत होती. मग मागून हळू आवाज आला, "दादा, हिरवी खूण आली."

ताईंना घर मिळालं. माझी ती रजा साहेबांनी हजेरीत धरली.

सोडतीत नाव निघालं तरी ते खरं वाटावं लागतं. त्याच यादीतल्या आणखी दोघांनीही फोन कापले होते. एक नांदेडकडचा, एक कोकणातला. तिकडं मला ओळखणारं कोणी नव्हतं. मुदत संपली. त्यांच्या नावापुढं शेरा पडला: इच्छुक नाहीत.