धाकटा गुन्हा

श्रीरंग दामल्यांचं इंग्रजी उत्तम होतं, पण 'कॉप अ प्ली' हा प्रयोग त्यांना वकिलाकडूनच शिकावा लागला. मोठ्या गुन्ह्याचा खटला टळावा म्हणून एखादा धाकटा गुन्हा कबूल करून पदरात पाडून घ्यायचा, याला सांता क्लाराच्या कोर्टाच्या व्हरांड्यात असं म्हणत. तो गुन्हा आपण केलेला असावा अशी अट होती. ती कोणी फारशी मनावर घेत नसे.

दामले कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. रॉन नावाच्या सहकाऱ्याला रोज गाडीतून घरी सोडायचे. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कंपनीच्या गेटवर त्यांची डिकी उघडली, तर चोरलेल्या चिपांचं खोकं निघालं. ते रॉनचं होतं. रॉनने लगोलग प्ली कॉप केली, तीत दामल्यांचं नाव घातलं आणि सहा महिन्यांवर सुटला.

"खटला हरलात तर तुरुंग, आणि वर ग्रीन कार्ड जाईल," वकील म्हणाला. "कबूल केलंत तर नुसतं प्रोबेशन, घरी राहून हजेरी द्यायची."

महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर गिरीशकाका फोनवर म्हणाले, "अरे, चुकलं म्हण आणि मोकळा हो. घरी नाही का आपण म्हणत, भांडण मिटावं म्हणून?"

दामल्यांना हे पटलं. लहानपणी धाकट्या भावाच्या वाटचा मार त्यांनी असाच मुकाट खाल्ला होता. तिथे कोणी शपथ घालत नसे, एवढंच.

जज्जबाईंनी शपथ घालून विचारलं, "खोकं तुम्ही घेतलंत?"

"नाही, मॅडम. पण शिक्षा मला मान्य आहे."

वकिलाने डोळे मिटले. निरपराध माणसाला शिक्षा देणं आपल्या तत्त्वात बसत नाही, असं जज्जबाईंनी मोठ्या सौजन्याने सांगितलं आणि कबुली नामंजूर केली. खटला उभा राहिला. ज्यूरीला तत्त्वाची अडचण आली नाही. दोन वर्षं, आणि सुटल्यावर हद्दपारी.

तुरुंगात काचेपलीकडून बायकोने, सुलेखाने, फोन उचलला.

"अहो, एक येस म्हणायला काय जड होतं?"

"अगं, शपथ घातली होती."

"माझी घातली होती का?"

 दामल्यांनी विचारलं, "रॉन सुटला?"

"केव्हाच. परवा दुकानात भेटला. तुमची चौकशी करत होता." मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात आम्ही निघतो. नाशिकला रुपालीची शाळा बघायला हवी. ती म्हणते, आय अ‍ॅम नॉट गोइंग."

"मी येतोच मागून. माझ्या तिकिटाचं बघू नकोस. ते सरकार काढणार आहे."

सुलेखाने फोन जागेवर ठेवला.