नाव न घेतलेला नवरा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. विनया टेंभेकरने चंदीगडात ही दोन्ही कामं एका थापेत उरकली.

ती तिथल्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला होती. वय छत्तीस. सहा वर्षं हॉस्टेलच्या खोलीत दुसऱ्या बाईची उदबत्ती आणि तिसऱ्या बाईचा रेडिओ सहन करून ती विटली होती. चौऱ्याहत्तर साली अठरा सेक्टरमधल्या एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, मागचा भाग नव्याने नीट करून भाड्याने निघाला. एक निजायची खोली, एक बैठक, उभ्याने रांधायचा ओटा, आणि न्हाणीघरात चक्क पांढऱ्या फरश्या. घराबाहेर कडुलिंब, आणि दुपारी इतकी शांतता की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी मोजावी. मालकीणबाई विधवा पंजाबी; सगळे त्यांना बीजी म्हणत. एकट्या बाईला जागा द्यायची नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि मग विचारलं, साहेब कुठे असतात? फरशांकडे बघत विनया म्हणाली, नागपूरला, बदलीवर.

झालं. ट्रंकेतलं आईचं मंगळसूत्र गळ्यात आलं आणि घराची किल्ली हातात आली.

बीजी वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या मायाळू निघाल्या. सासू लांब आहे म्हणून करवाचौथीच्या उपासाआधी, सासूने सुनेला द्यायचं सरगीचं ताट घेऊन पहाटे त्या स्वतःच दारात उभ्या. बिचारीच्या नशिबी मंगळागौर आली नाही, पण नसलेल्या नवऱ्यासाठी पाच वर्षं निर्जळी उपास आले. नवऱ्याचं नाव मात्र त्यांनी कधी विचारलं नाही; चांगल्या घरची बाई ते घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मराठी मंडळातल्या बायकांना ती अविवाहित असल्याचं माहीत, म्हणून त्यांना घरी बोलवायची सोय नव्हती. त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला जाताना ती मंगळसूत्र पर्समध्ये टाकी, आणि परत येताना कोपऱ्यावर उभी राहून गळ्यात घाली. हौसेने घेतलेल्या सहा कपांपैकी पाच कधी ओले झाले नाहीत. घर सोडावं तर पुन्हा हॉस्टेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात तिचे वडील वाईहून आले. निवृत्त मास्तर, कडक माणूस. बारा वर्षांपूर्वी विनयाने एक मुलगा पसंत केला होता. जात वेगळी निघाली, आणि ते नाव या घरात पुन्हा निघता कामा नये, असं मास्तरांनी बजावलं होतं. निघालं नाही. दुसरंही कुठलं निघालं नाही.

स्टेशनवरून येताना वडिलांना सगळं सांगायचं तिने ठरवलं होतं. रिक्षात जीभच उचलली नाही. घरी टेकतात न टेकतात तोच बीजी चहा घेऊन हजर. जावई कधी येतात, अशी त्यांनी चौकशी केली. मास्तरांनी लेकीच्या गळ्याकडे पाहिलं. बायकोचे काळे मणी त्यांनी ओळखले. विनयाला वाटलं, संपलं. उद्या ट्रंक भरायची.

"उनको काम बहुत रहता है," मास्तर म्हणाले.

"नाम क्या है जी उनका? ये तो लेती नहीं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. 

"श्यामकांत," ते म्हणाले.

विनया स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिला रडू नाही आलं, संताप आला. हे एक नाव बारा वर्षांपूर्वी उच्चारलं असतं तर काय झिजलं असतं?

बीजी गेल्यावर मास्तर दारात आले. "कुठे असतो आता तो?"

"औरंगाबादला. दोन मुलं आहेत त्याला."

 आठ दिवसांनी मास्तर वाईला परत गेले. नाव मात्र त्या घरात राहिलं. रोज सकाळी ती कामाला निघाली की बीजी गच्चीवरून विचारत, "श्यामकांतजी की चिट्ठी आई, बेटा?"

"नहीं आई, बीजी," ती सांगे, आणि दाराला कुलूप लावी.