लांबच्याला काय दिसतं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याला एका हॉटेलवाल्याशी भांडत होते. त्याला स्वतःच्या वेबसाइटवर धबधबा हवा होता, आणि त्याच्या हॉटेलाच्या आसपास पाणी पडतं ते फक्त टाकी भरून वाहिली की. तेवढ्यात वर्षाचा फोन. वर्षा म्हणजे मिलिंदची बायको. ती रडत नव्हती, एकाच सुरात बोलत होती. "सुनंदाताई, दवाखान्यात पोचेपर्यंतच... संपलं." सकाळपासून छातीत जळजळत होतं म्हणे. पित्त झालंय म्हणाला, कोकम सरबत करून घेतलं, प्यायला आणि कामाला बसला. आमच्याकडे छातीत कळ आली तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, आणि पित्तावर कोकम. "अरे मेल्या, समोरच्या बोळात डॉक्टर बसतो!" मी त्या हॉटेलवाल्याच्या तोंडावरच ओरडले. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. महिना उलटून गेला, पण हे वाक्य ज्याला ऐकवायचं त्याला ऐकवता आलं नाही, म्हणून राग काही उतरत नाही.

मग शोकसभा झाली. कोणीतरी म्हणालं, रत्नागिरीच्या संगणकक्षेत्रातला ध्रुवतारा निखळला. मिलिंद असता तर खुर्चीत खाली सरकून माझ्या कानाशी म्हणाला असता, "सुनंदा, हा कोणाबद्दल बोलतोय गो?" ज्यांनी त्याच्या हयातीत त्याला 'तो कॉम्प्युटरवाला' यापलीकडे नाव दिलं नाही, ते त्या दिवशी 'मिलिंदजी, मिलिंदजी' करत होते. आणि तिसऱ्या रांगेत आमच्या गावचे लोक बसले होते. माझा चुलतभाऊ चंद्रकांतदादा तर डोंबिवलीहून खास आला होता. तो उठून दोन शब्द बोलेल, बोलायलाच हवेत, म्हणून मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. तो काही उठला नाही. सभा संपल्यावर मला म्हणाला, "माणूस चांगला होता गो." माझ्या मस्तकात तिडीक गेली. चांगला होता हे तुला आता सुचतंय?

मिलिंद आणि मी पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो मुंबईत काकांकडे राहून वर आणखी एक कोर्स करून अठ्ठ्याण्णव साली परत आला, आणि आम्ही दोघांनी बसस्टँडच्या मागे एक गाळा घेतला. पुढे इंटरनेट कॅफे, मागे वेबसाइटचा धंदा. फोनची लाइन अशी की आभाळात गुरगुरलं की इकडे सगळं बंद. आमचे पहिले गिऱ्हाईक मजीदभाई, आंब्याच्या पेट्या दुबईला पाठवणारे. त्यांची साइट आमच्या मशीनवर झकास दिसत होती. पिवळाधमक हापूस, पेंढ्यात बसवलेला. मजीदभाईंच्या मुलाने दुबईहून फोन केला, "आंबा कुठाय? इथे नुसते रिकामे चौकोन दिसतायत." फोटो आमच्याच मशीनमधून दिसत होते, सर्व्हरवर चढलेच नव्हते! मी हसून सोडून दिलं असतं. मिलिंदने मनाला लावून घेतलं. तेव्हापासून काहीही बदललं की तो गावाबाहेरच्या कोणाला तरी फोन लावायचा आणि म्हणायचा, "तुमच्याकडे काय दिसतंय? जरा वाचून दाखवा." माणसं वैतागायची. फोनचं बिल बघून मीही वैतागायचे. तो म्हणायचा, "आपल्याला दिसतं त्याला काय अर्थ आहे? लांबच्याला काय दिसतं ते खरं."

आमच्या गावचं शिमग्याचं पान त्यानेच केलं, तेही स्वतः होऊन. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, हे चाकरमान्यांना कळायला हवं, म्हणजे ते रजा काढून, घर उघडून, दारात रांगोळी घालून उभे राहतात. पूर्वी पत्र जायचं, मग फोन. मिलिंद म्हणाला, एक पान करतो, ज्याने त्याने मुंबईत बसून बघावं. तो शेजारच्या गावच्या बौद्धवाडीतला. मी त्याला एकदा सरळ विचारलं, "तुला कशाला ही उठाठेव?" तो म्हणाला, "आमच्याकडे पालखी येत नाही, आणि आम्हाला ती नकोही. पण माणसं वेळेवर घरी पोचली पाहिजेत की नको?" पान गावाला दाखवायला नेलं तेव्हा त्याने वर साल आणि तारखा घातल्या होत्या. आमचे गावकर, म्हणजे गावचे प्रमुख, भडकले. "तिथी लिही. तारखेवर देव चालत नाय. आणि साल कशाला? शिमगा म्हणजे यंदाचाच!" मिलिंदने हातापाया पडून सांगितलं, साल तरी राहू द्या. नाही म्हणजे नाही. मानकऱ्यांनी माना डोलावल्या. शेवटी त्याने साल काढलं.

काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. इतकं, की गावात कोणी कोणाला फोनच करेना, 'पानावर आहे ना' म्हणायचे. आमची पानं असायची नवी मुंबईतल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर. आम्ही भाडेकरू, ते घरमालक. एक दिवस मालकाने कळवलं की जुनी एएसपीची पानं आता ठेवणार नाही, सगळ्यांनी नव्या डॉटनेटवर या. म्हणजे काय, तर जुनं पान जसंच्या तसं उचलून नव्या जागी ठेवता येत नाही, ते नव्या पद्धतीने पुन्हा लिहावं लागतं. आमच्याकडे तेव्हा पुष्कळ साइट होत्या. आंबेवाले, लॉजवाले, एक शाळा, एक पतपेढी. मी म्हटलं, आहे तसं ढकलू, मोडेल ते नंतर बघू. मिलिंद ऐकेना. "कौलं काढून स्लॅब घालायचाय, पण आतल्या माणसांना एक दिवसही अंगणात झोपवायचं नाही," म्हणाला. प्रत्येक साइट नव्याने लिहायची, जुनी चालू ठेवायची, दोन्ही शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडायची, मग जुनी बंद करायची. आणि मग फोन. काय दिसतंय, वाचून दाखवा.

शिमग्याचं पान त्याने मुद्दाम सगळ्यांत आधी हलवलं, सणाच्या पुरेसं अगोदर. यंदाचं वेळापत्रक घातलं, डोंबिवलीत माझ्या मावसबहिणीकडून वाचून घेतलं, बरोबर होतं. त्यानंतर त्या कंपनीच्या नव्या सर्व्हरवर काहीतरी बिघडलं. तिथल्या शहाण्यांनी काय करावं? आम्हाला न विचारता, न कळवता, गेल्या वर्षीची जुनी प्रत उचलून जागेवर ठेवली. पान उघडत होतं, सुबक दिसत होतं, फक्त वेळापत्रक गेल्या सालचं. आता आमच्या गावची रीत अशी की एका साली पालखी वरच्या वाडीतून निघते आणि पुढच्या साली खालच्या वाडीतून. म्हणजे गेल्या सालचं पान हे यंदाच्या बरोब्बर उलटं. आणि वर साल नाही, तारीख नाही, नुसत्या तिथ्या! बघणाऱ्याला कळावं तरी कसं?

चंद्रकांतदादाचं घर खालच्या वाडीत. त्या वर्षी त्याच्या सुनेला फार वाट बघून मुलगी झाली होती, आणि नवस होता की नात पालखीखालून न्यायची. त्याने मुलाच्या ऑफिसात पान बघितलं. खालची वाडी, पंचमी. चतुर्थीला सगळं कुटुंब बाळ घेऊन गाडीतून उतरलं. पालखी द्वितीयेलाच त्याच्या दारात येऊन, बंद कुलपासमोर जरा वेळ थांबून, पुढे गेली होती. दादा अंगणात मटकन बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचं दुःख खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण पुढे जे झालं ते मी विसरणार नाही. संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, सगळा गाव जमला होता. मिलिंद निरोप मिळताच मोटरसायकल काढून आला. कडेला फणसाखाली चपला काढून उभा राहिला. दादा म्हणाला, "कोणी लिवलान ता पान?" आणि मागून एक आवाज आला, "ज्याच्या दारात पालखी जात नाय, त्याला आपल्या दाराचं काय पडलंय?" कोणीही त्या माणसाला गप्प केलं नाही. गावकरांनी नाही, दादाने नाही. मी पुढे झाले, म्हटलं, "साल काढायला कोणी लावलं ते सांगा आधी!" तर मिलिंदने माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाला, "चुकलं, दादा. माफ करा." बस्स. एवढंच बोलून उभा राहिला.

परतताना मी त्याला रस्ताभर शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला तर तिथला माणूस शांतपणे म्हणतो, "हो मॅडम, आमच्याकडूनच जुनी कॉपी पडली. होतं असं कधीकधी." होतं कधीकधी! मी मिलिंदला म्हटलं, आता चल, गावाला सांगू. तो म्हणाला, "सर्व्हर, कॉपी, ह्यातलं त्यांना काय सांगू? दार बंद होतं हे तर खरं ना? आणि मी सांगायला लागलो की त्यांना वाटणार, आता दुसऱ्यावर ढकलतोय." मी स्वतः दादाला फोन करून सगळं सांगितलं. दादाचं उत्तर तयार होतं, "अगं, तो स्वतःच्या तोंडाने चुकलं म्हणाला ना?" घ्या! या भल्या माणसाच्या त्या एका शब्दाने माझ्या सगळ्या पुराव्यांची माती केली. त्याबद्दल मिलिंद, मी तुला माफ केलेलं नाही. मोठेपणा करायचा तर जिथे शोभेल तिथे करावा. ज्यांनी तुझी जात काढली त्यांच्यासमोर कसला मोठेपणा?

पुढच्या साली त्याने पान बंद करावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याने बंद केलं नाही. कोणाला न विचारता वर ठसठशीत साल घातलं, आणि या वेळी गावकर काही बोलले नाहीत. आणि वाचून घ्यायला फोन कोणाला लावला? थेट चंद्रकांतदादाला! "दादा, तुमच्याकडे काय दिसतंय? वाचून दाखवा." दादाने वाचलं. पहिल्या वर्षी घुश्शात, मग हळूहळू सवयीने. नात मोठी झाली तशी तीही मागून वाचायला लागली. दर वर्षी तो फोन व्हायचा. त्या घटनेबद्दल दादा एक अक्षर बोलला नाही, आणि मिलिंदने कधी विचारलं नाही.

यंदाचं पान गेल्या आठवड्यात मीच चढवलं. मिलिंदच्या खुर्चीत बसून, त्याच्याच मशीनवर. वाचून घ्यायला कोणाला फोन लावावा कळेना... नुसती बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला. दादा. "सुनंदा, यंदा कोणाचा फोन नाय आला गो. मी पान उघडून बसलोय. वाचू काय?" म्हटलं, "वाच." त्याने साल वाचलं, तिथ्या वाचल्या, खालची वाडी वाचली आणि थांबला. मी म्हटलं, "दादा, आता अजून एक वाक्य म्हण. पानात नाही ते." दादा म्हणाला, "माहीत आहे मला. तू फोन केलास तेव्हापासून माहीत आहे. पण फोनवर नको. सहाणेवर म्हणतो, देवाला गाऱ्हाणं घालायच्या आधी."

शिमगा तोंडावर आलाय. वर्षाला मी बरोबर नेणार आहे. मिलिंद उभा होता तिथेच, फणसाखाली, आम्ही दोघी उभ्या राहू. दादा बोलला तर ऐकू. नाही बोलला तर मी बोलणार आहे, आणि या वेळी माझा हात दाबायला कोणी नाही.